देवळ्याला न्यायची कोंबडी

"अजून एक पिढी," असं म्हणून दाजी पिल्लू खाली सोडायचे. त्याआधी ते त्याला डाव्या तळहातावर घेत, उजव्या हाताच्या अंगठ्याने त्याची मान चोळत, डोळे बारीक करून बघत. नव्या माणसाला वाटावं, सोनार दागिना पारखतोय. पिल्लू मात्र कोंबडीचं, आणि तेही असं की पहिल्यांदा बघणाऱ्याने तोंडच फिरवावं. मान सोलून काढल्यासारखी लालभडक, पिसाचा पत्ता नाही. उघड्या मानेच्या कोंबड्या तुम्हीही कुठे आठवडी बाजारात पाहिल्या असतील आणि तुम्हालाही वाटलं असेल, बिचारीला काही रोग झालाय. तसं काही नसतं. ती जातच तशी असते.

माझी नाशकाजवळ मखमलाबादला पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून दाजींचा मळा. शेवंती, झेंडू, कडेने मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलबाजार, दुपारी पाणी भरणं आणि उरलेला सगळा जीव कोंबड्यांत. त्यांची बायको माझ्या गावची, सिन्नरकडची. त्या नात्याने ती माझी आक्का आणि ते दाजी. माझं ऐकून ऐकून सगळी आळी त्यांना दाजीच म्हणायला लागली.

आता दाजींची चेष्टा मेहुण्याने करायची नाही तर कोणी करायची? मी ती मनसोक्त केली. रोज सकाळी ते डबा घेऊन गिरणीत यायचे आणि जात्याभोवती सांडलेलं पीठ झाडून घेऊन जायचे. माझी गिरणी फुकटात झाडून निघायची, त्यांच्या कोंबड्यांचं पोट भरायचं.

"दाजी, आज गिधाडांना बाजरी का गहू?" मी विचारायचो.

"गिधाडं म्हण नायतर काय म्हण," ते वर न बघता म्हणायचे. "ऊन तापल्यावर बघू, कोण टिकतंय."

हे ऊन कुठलं, ते आधी सांगायला हवं. दाजींना मुलगा एक आणि मुलगी एक. मुलगी देवळ्याला दिलेली. नव्वद सालच्या मागेपुढे लग्न झालं असेल. कांदा पिकवणारं घर, माणसं चांगली, पण उन्हाळ्यात तिकडे नुसती भट्टी पेटलेली असते. आमच्यात लेकीच्या घरी मोकळ्या हाताने कोणी जात नाही. कोणी साडी नेतं, कोणी शेव-जिलबी नेतं. या माणसाने डालग्यातून कोंबड्या नेल्या. फार्मातल्या, पांढऱ्याशुभ्र, हौसेने निवडून आणलेल्या. यष्टीच्या कंडक्टरशी भांडून, चांदवडला गाडी बदलून त्या त्यांनी लेकीच्या अंगणात सोडल्या. वैशाख संपायच्या आत एकही उरली नाही. दुसऱ्या वर्षी दाजी पुन्हा गेले, दुसऱ्या कोंबड्या घेऊन. त्याही गेल्या.

तिसऱ्या खेपेला दाजी डालगं घेऊन अंगणात शिरले तेव्हा ओट्यावर शेजारच्या बाया बसलेल्या होत्या. विहीणबाई हसत म्हणाल्या, "व्याहीबुवा, सूनबाईच्या माहेरच्या कोंबड्यांना काय सासर मानवत नाय बा. ह्याबी मरायलाच आणल्या का?"

बाया हसल्या. दाजीही हसले. लेक आत चुलीपुढे होती, तिच्या कानावर ते गेलं नाही. दाजींनी लेकीच्या हातची भाकरी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने परत फिरले. दुसऱ्या दिवशी पीठ झाडता झाडता त्यांनी हे सगळं मला सांगितलं आणि म्हणाले, "आता जाईन तर न मरणारी कोंबडी घेऊनच जाईन. तवर नाय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतायत, दिवाळीपर्यंत विसरतील. दिवाळी आली, गेली. दाजी विसरले नाहीत. आक्काला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. विहिणीची तक्रार घरात बोलली की ती फिरून लेकीच्या सासरी पोचते आणि तिथे लेकीला ऐकून घ्यावं लागतं, हा त्यांचा हिशोब. लेकीला तर मुळीच नाही सांगितलं. सांगितलं ते एकट्या मला, आणि वर दम दिला, "गिरणीवर बाया येत्यात. तोंड आवर."

उघड्या मानेची कोंबडी त्यांना हरसूलच्या बाजारात भेटली. भर उन्हात बाकीच्या कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या आणि ही एकटी खुशाल माती उकरत होती. विकणाऱ्या म्हातारीला त्यांनी विचारलं, हिच्या मानेला काय झालं? म्हातारी म्हणाली, "काय नाय झाला. तिथून वारा लागतो तिला." दाजींना तेवढं पुरलं. त्यांनी ती कोंबडी घेतली आणि जीपमध्ये मांडीवर बसवून आणली.

पण आता दुसरीच पंचाईत. ही कोंबडी उन्हाला टिकेल हे खरं, पण दिसायला? "ही आशी विहिणीच्या अंगणात सोडली तर मेलेल्यांला हासली त्याच्या दुप्पट हासंल," दाजी म्हणाले. म्हणून मग त्यांनी तिला जोडी लावली ती एका तांबड्या, तुरेदार, दांडग्या कोंबड्याची. मान आईची यावी आणि रंग, हाडपेर बापाचं यावं. शिवाय पोर खुडूक बसणारी हवी, म्हणजे अंड्यांवर स्वतः बसून पिल्लं काढणारी. लेकीला पुन्हापुन्हा कोंबड्या पुरवायला नकोत.

इतकं सगळं एका कोंबडीत मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पोराला बायको शोधतानासुद्धा लोक एवढ्या अटी घालत नाहीत, असं मी त्यांना म्हणालो होतो. पहिल्या पिल्लांच्या गळ्याशी पिसांचा झुबका आला, जसा काही कोणी रुमाल बांधलाय. ती झुबकेवाली एकमेकांना लावली तर काहींची मान पूर्ण उघडी, काहींचा झुबका तसाच आणि काही तर नेहमीच्या कोंबडीसारखी मानभर पिसं घेऊन आलेली. मान उघडी असली तर अंग बारकं. अंग भरलेलं असलं तर खुडूकच बसायची नाही. सगळं जमून आलं तर रंग असा राखाडी, की चुलीतून काढलीय वाटावं. दाजी प्रत्येकाची मान चोळून बघत आणि म्हणत, "अजून एक पिढी."

बरं, मखमलाबादचं ऊन त्यांना पुरेना. आमच्याकडे झाडं, पाटाचं पाणी, सावली. मग त्यांनी मळ्याच्या उघड्या कोपऱ्यात जुन्या पत्र्यांचं ठेंगणं खोपटं उभं केलं. चैत्र लागला की निवडक कोंबड्या त्यात. "देवळ्याचं ऊन इथंच लावतो त्यांला," ते म्हणायचे. दुपारी दोनदा जाऊन त्या पत्र्याखाली स्वतः वाकून बसायचे, किती तापतंय ते बघायला. घामाने निथळत बाहेर येत आणि समाधानाने मान डोलावत. आक्का कपाळावर हात मारून मला म्हणायची, "बघ रे बाबा, तुझ्या दाजीला आता कोंबड्यांसंगं उबवायला ठेवलंय."

चेष्टा सोडा, पण या सगळ्यात वर्षं जात होती. लेक आखाजीला माहेरी यायची, दिवाळीला यायची. परत निघताना विचारायची, "बाबा, तुम्ही कधी येता?" दाजी म्हणायचे, "येतो ना. येतो." नातवाचं जावळ झालं, दाजी गेले नाहीत, आक्काला आणि मुलाला धाडलं, स्वतः शेवंतीच्या तोडणीचं निमित्त केलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो. गिरणी बंद करून भांडलो. म्हणालो, "अहो, पेढ्याचा पुडा घ्या आणि जा! कोण विचारतंय कोंबडीला?"

"तू नव्हता तिथं," ते म्हणाले. "त्या बाया हासल्या तवा तू नव्हता."

एका वर्षी शिमग्याच्या सुमाराला मानमोडी आली. या रोगात कोंबडी मान पिळवटते, गोल गोल फिरते आणि पडते. आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या गेल्या, दाजींच्याही गेल्या. इतक्या वर्षांची निवड करत आणलेली सगळी पैदास त्यांनी मळ्याच्या बांधाला पुरली. उरला एक कोंबडा, जेमतेम तुरा फुटलेला. आणि हा उरलेलाच नेमका तो होता. मान गळ्यापासून खांद्यापर्यंत स्वच्छ उघडी, खाली अंग तांबडं-सोनेरी, शेपटीला हिरवी झाक, पायाची नळी माझ्या अंगठ्याएवढी. मीसुद्धा त्याला कधी गिधाड म्हणालो नाही.

दाजींनी त्याच्या पायाला मऊ सुतळी बांधून त्याला पत्र्याच्या खोपट्यात ठेवला. रोज हातावर दाणे घालायचे. तो त्यांच्या हाताला इतका सरावला की कोणीही जवळ गेलं तरी मान पुढे करून उभा राहायचा. पूर्ण वैशाख त्या पत्र्याखाली काढला पठ्ठ्याने, एकदासुद्धा चोच वासली नाही. पावसाळ्यात तर तो आणखी भरला. तोवर आक्कानेही घरच्या अंड्यांसाठी बाजारातून चार साध्या कोंबड्या आणून मळ्यात सोडल्या होत्या. पोळ्यानंतर एक दिवस दाजी डबा न घेताच गिरणीत आले. मी बघतच राहिलो.

"झालं," ते म्हणाले. "हरसूलच्या दोन तलंगा आणतो त्याला जोडीला, आन् दसरा झाला की देवळ्याला जातो. नवं धोतर काढायला सांगितलंय."

तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या. बाजाराच्या दिवशी दाजी सकाळीच हरसूलला गेले. दुपार कलताना जीप गिरणीपुढे थांबली आणि दाजी उतरले, दोन्ही काखांत एकेक उघड्या मानेची तलंग. एवढे खूश मी त्यांना पाहिले नव्हते. "चल," म्हणाले, "त्याच्या शेजारी उभ्या करून बघू." मी पट्टा उतरवला आणि त्यांच्याबरोबर निघालो.

घराजवळ येतानाच मसाल्याचा वास आला. पडवीत सतरंजीवर देवळ्याचे व्याही बसलेले. ट्रॅक्टरचा कसला तरी पार्ट घ्यायला नाशकात आले होते; काम लवकर उरकलं म्हणून न कळवता आले. आक्का बाहेर येऊन म्हणाली, "बरं झालं वेळेवर आले. पाव्हणं मघापासून वाट बघायलेत. ताटं घेतेच."

दाजी खोपट्याकडे बघत होते. मीही बघितलं. सुतळी मातीत पडलेली होती.

त्यांनी दोन्ही तलंगा डालग्याखाली झाकल्या. हातपाय धुतले. व्याह्यांना रामराम घातला, पाटावर बसले. माझा उपास होता, म्हणून मी चहाचा कप घेऊन भिंतीला टेकलो. कप हातात तसाच राहिला.

आत गेलो तर आक्का रस्सा वाढून घेत मला कौतुकाने सांगत होती, "भर दुपारी कोंबडं धरायचं म्हंजी काय चेष्टा हाय का? सगळी पळाली शेवंतीत. एकतर दिवस बुडाल्याबिगर हाताला लागत न्हाईत. ह्योच एक गरीब, आपणहून पुढं आला. आन् साफ करायला बी सोपा, मानंला पीसच नाय!" तिचं काय चुकलं? दारात व्याही आला, लेकीचा सासरा. त्याच्यापुढे घरातलं उत्तम तेच ठेवायचं असतं. तिने ते ठेवलं.

बाहेर व्याही रश्श्यात भाकरी कुस्करत होते. "भारी शे हाऊ कोंबडा, व्याही!" ते म्हणाले. "आख्ख्या देवळ्यात आसा मिळायचा नाय."

"घ्या ना अजून," दाजी म्हणाले, आणि आक्काला हाक मारली, "पाव्हण्याला वाढ."

पाहुण्याचं जेवण होईपर्यंत यजमानाने हात धुवायचा नाही, ही रीत. व्याही सावकाश जेवणारे. दाजी त्यांच्याबरोबरीने जेवत होते, घास लहान घेत होते पण घेत होते. मध्ये व्याह्यांनी विचारलं, "तुम्ही काय आमच्याकडं फिरकत नाय? कायी चुकलं का आमचं?"

"छे छे. दसऱ्याला येणारच होतो," दाजी म्हणाले.

"मंग या की."

"बघू आता."

व्याही गेल्यावर मी आक्काला हाक मारायला तोंड उघडलं, तोच दाजींनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. "तिला कायबी बोलायचं नाय," ते म्हणाले. "तिनं पाव्हण्याचा मान राखला. आता सांगून रडवतो का तिला?"

"मग त्या दोन तलंगा तरी घेऊन जा दसऱ्याला," मी म्हणालो.

"कोंबड्याबिगर? आन् पुढं? त्यांच्या कोंबड्यांत मिसळून दोन वर्षांत मानंला पिसं येतील. परत हासतील."

मला त्यांचा इतका राग आला की मी आठवडाभर धड बोललो नाही. आजही तो आठवडा आठवला की राग येतो आणि त्यांच्या ताटातले ते लहान लहान घासही आठवतात.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. त्या तलंगांना कुठकुठले कोंबडे लावून बघितले. पण तसा रंग आला नाही, तसं अंग आलं नाही. हळूहळू गुडघे धरले, हरसूलची जीप झेपेना. मळ्याच्या तिन्ही अंगांना बंगले उठले. बंगल्यातल्या लोकांना पहाटेचं आरवणं सोसेना. ते मुलाकडे तक्रार घेऊन येत. आणि मग ती बर्ड फ्लूची आवई उठली. लोक अंडंसुद्धा खाईनात. मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे." दाजींनी उरल्यासुरल्या कोंबड्या हरसूलकडच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकल्या. मी म्हणालो, "आता तरी देवळ्याला जाऊन या." ते म्हणाले, "आता काय घेऊन जाऊ?" पुढच्या थंडीत दाजी वारले. आजारी असे नव्हतेच.

त्यानंतर वर्षभराने एका लग्नाच्या निमित्ताने मी देवळ्याला गेलो आणि लेकीचं घर विचारत पोचलो. अंगणात एकही कोंबडी नव्हती. विहीणबाई आता फार थकल्यात. ओट्यावर सुपात लसूण सोलत होत्या. बोलता बोलता मला राहवलं नाही. मी तो कोंबड्यांचा विषय काढला, त्या वेळी तुम्ही असं म्हणाला होतात, म्हणालो. त्या हातातला लसूण ठेवून विचार करायला लागल्या.

"मी म्हणले हुते?" त्या म्हणाल्या. "आठवत नाय रे भाऊ. म्हणले आसंल. व्याह्याची थट्टा कोन करत नाय? मानूस मात्र लय गुणाचा. आमच्याकडं का येत नसंल, आमाला कधी उमजलंच नाय."

लेक चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सासू आत गेल्यावर मी तिला पहिल्यापासून सांगितलं; हरसूल, पत्र्याचं खोपटं, तो तांबडा कोंबडा, व्याह्यांचं जेवण. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. पदराने कपाच्या बशीची कड पुसत राहिली.

"मला वाटायचं, त्यांना आमचं घरच पसंत नाय," ती म्हणाली. "इथं ऊन लय, सावली नाय, म्हणून येत नसतील. कोंबड्या काय मामा, बाजारात मिळत्यात. मी कधी मागितल्या होत्या?"

मग ती उठून आत गेली आणि एक बाज उचलून घेऊन आली. नवी नव्हती, पण पट्टी कुठे सैल झालेली नव्हती, कोणी वापरल्याची खूण नव्हती. तिने ती ओट्यावर भिंतीच्या सावलीत टाकली.

"त्यांना खाली बसवत नव्हतं ना, गुडघ्यामुळं. आई म्हणाली होती. तवा विणून घेतली. पोरांनाबी कधी बसू दिलं नाय हिच्यावर." तिने हाताने बाजेवरची धूळ झटकली, माझ्याकडे बघितलं आणि जरा बाजूला सरली.

"बसा मामा," ती म्हणाली. "तुम्ही तरी बसा."